उमेदवार अपुरा निघाला, तरी सोबत राहायचं ठरवलं तर नेमकं काय करायचं?

पांझराकाठ (धागा सुरू करणारा)

राम राम मंडई.

विषय थोडा अवघड आहे, पण धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत तो सारखाच आहे. ज्याच्यासाठी कार्यकर्ते उन्हातान्हात दारोदार फिरतात तो निवडून येतो, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तक्रारी साचत जातात. पाणी आलं नाही. कामं जवळच्या ठेकेदाराला गेली. काल ज्याच्यावर टीका केली त्याच्याच शेजारी आज खुर्ची टाकून बसला. आणि तरीही समोरचा पर्याय याच्यापेक्षा वाईट आहे, हे त्याच कार्यकर्त्यांना मनातून मान्य असतं.

मग पारावर दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, "आता घरी बसायचं." दुसरं, "भाऊ म्हणतील तसं." मला या दोन्हींच्या मधलं हवं आहे. सोबत राहायचं, पण डोळे उघडे ठेवून. त्यासाठी काय तपासायचं, काय मागायचं, कुठे थांबायचं, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी नेमकेपणाने लिहावं. पक्षांची आणि नेत्यांची नावं टाळा, नाहीतर धागा दुसरीकडेच जातो.

तापीचं_पाणी

सुरुवात निराशेच्या छाननीपासून करा. बहुतेक ठिकाणी हीच पायरी राहून जाते.

अमळनेर तालुक्यातला पाडळसरेचा निम्न तापी प्रकल्प घ्या. पंचवीस वर्षांहून जास्त काळ रखडला. प्रत्येक निवडणुकीत त्याचं पाणी आश्वासनात असतं. आता असा प्रकल्प पुढे सरकायला काय लागतं? खर्च वाढला की सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे सुप्रमा. केंद्राचा पैसा हवा असेल तर केंद्रीय जल आयोगाची तांत्रिक छाननी आणि गुंतवणूक मान्यता. बुडीत गावांचं भूसंपादन आणि पुनर्वसन. मग दर वर्षीच्या अर्थसंकल्पात प्रत्यक्ष तरतूद. यातल्या एकाही कागदावर आमदाराची सही लागत नाही. त्यामुळे "पाणी आणलं नाही" हा आरोप आमदारावर तसाच्या तसा लावता येत नाही.

पण म्हणून तो सुटतही नाही. त्याच्या हातात सभागृहातला तारांकित प्रश्न (मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचा) असतो, लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी) असते, अर्धा तास चर्चा असते, खर्चाच्या मागण्यांवर कपात सूचना असते. पुरवणी मागण्यांच्या वेळी तरतूद वाढवून मागता येते. हे त्याने किती वेळा केलं? विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कामकाज असतं. तीन अधिवेशनं बघा: मुंबईतलं अर्थसंकल्पी, मुंबईतलं पावसाळी, नागपूरचं हिवाळी. तीन वर्षांची नऊ अधिवेशनं काढली आणि पाडळसरेवर त्याचा एकही प्रश्न सापडला नाही, तर तुमची तक्रार पक्की आहे. चार प्रश्न, एक लक्षवेधी सापडली, तर माणूस लढतोय, अपयश वरचं आहे. या दोन माणसांना एकाच मापाने मोजू नका. पहिल्याला जाब विचारायचा, दुसऱ्याच्या पाठीशी गर्दी उभी करायची.

एक चूक नेहमी होते. फक्त निवेदनं मोजली जातात. मंत्र्याला निवेदन देतानाचा फोटो हे काम नव्हे. त्या निवेदनावर पुढे मंत्रालयातल्या कोणत्या कार्यासनाला (विभागातल्या कक्षाला) टिपणी गेली ते विचारा. उत्तर नसेल तर तो कागद फोटोपुरताच होता.

कांदेबाग

वरच्या प्रतिसादाला जोड. निम्मी निराशा आमदाराच्या हद्दीबाहेरच्या कामांवरून असते.

रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) जळालं की आधी फोन आमदाराच्या स्वीय सहायकाला जातो. ग्रामीण भागात नादुरुस्त रोहित्र ४८ तासांत बदलून देणं हे वीज नियामक आयोगाच्या कृती मानकांत आहे, मेहेरबानीत नाही. तक्रार क्रमांक घ्या, वेळ लिहून ठेवा, पुढे भरपाईही मागता येते. आमदाराकडे जायचं ते एकाच उपकेंद्रावर वर्षात आठ-दहा वेळा हाच प्रकार झाल्यावर. तेव्हा मागणी रोहित्राची करू नका, उपकेंद्राच्या क्षमतावाढीची करा, कारण ती जिल्हा नियोजनातून किंवा विभागाच्या आराखड्यातून येते आणि तिथे त्याचा शब्द चालतो.

केळीचं तसंच. रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा या पट्ट्यात हवामान आधारित फळपीक विम्यावरून जेवढी नाराजी आहे तेवढी क्वचितच दुसऱ्या कशावरून असेल. थंडी आणि तापमानाची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. तुमच्या बागेत काय झालं हे तिथे बघत नाहीत. केंद्र एका टोकाला आणि बाग दुसऱ्या टोकाला असेल तर घोळ होतोच. गारपीट आणि वाऱ्याने झाड पडलं तर ७२ तासांत कळवावं लागतं. हे चुकलं तर कोणताही आमदार काही करू शकत नाही. पण मंडळात केंद्र कुठे बसवलंय, ते झाडाच्या सावलीत आहे का, भिंतीला लागून आहे का, नोंदी मध्येच बंद पडल्या का, पडताळणीत बाग उभी असून "केळी आढळली नाही" असा शेरा कसा पडला, हे प्रश्न लोकप्रतिनिधीने जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत उचलायचे असतात. ते उचलले का, हे बैठकीच्या इतिवृत्तात दिसतं. इतिवृत्त माहिती अधिकारात मिळतं.

जुना_गण

बरोबर शे भाऊ. आता पैशांचं सांगतो, कारण "एवढा निधी गेला कुठे" हा दुसरा मोठा राग.

आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी. मतदारसंघात दीडशे गावं धरली तर एका गावाच्या वाट्याला वर्षाला सव्वातीन लाख येतात. त्यात सिमेंटची जेमतेम एक गल्ली होते. खासदार निधीही ५ कोटीच, पण तो सहा विधानसभा मतदारसंघांत वाटायचा. त्यातले १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी. हे गणित डोक्यात असलं की "आमच्या गावाला काहीच नाही" या वाक्याची धार जरा कमी होते, आणि उरते ती खरी धार: जे आलं ते कुणाला गेलं?

ते शोधायची रीत अशी. माहिती अधिकाराचा अर्ज जिल्हा नियोजन अधिकारी कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत ठेवावा लागतो, म्हणून कारणं लिहू नका, फक्त मागणी लिहा: अमुक आर्थिक वर्षात अमुक मतदारसंघात स्थानिक विकास निधीतून मंजूर कामांची यादी, प्रत्येकाची प्रशासकीय मान्यतेची रक्कम, कार्यान्वयन यंत्रणा, कार्यारंभ आदेशाची तारीख, झालेला खर्च, काम पूर्ण झाल्याचा दाखला. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, ते त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे.

यादी हातात आली की तिची दोन भागांत फोड करा. ज्या कामांची शिफारस झाली पण काम झालं नाही त्यांच्यामागे साधारण तीनच कारणं निघतात. ग्रामपंचायतीचा ठराव जोडलेला नाही. जागा ग्रामपंचायतीची नाही, सातबारा खासगी नावावर आहे. किंवा अंदाजपत्रकच यंत्रणेने केलं नाही. पहिली दोन कारणं गावाची चूक असतात. सामाजिक सभागृह मागायचं आणि जागेचा नमुना ८ (ग्रामपंचायतीचा मालमत्ता उतारा) जोडायचा नाही, मग वर्षभर आमदाराला नावं ठेवायची, असं होऊ देऊ नका.

आणि कार्यारंभ आदेश निघूनही प्रत्यक्ष काम सुरू झालं नसेल, तर आचारसंहिता लागल्यावर ते सुरू करता येत नाही. म्हणून निवडणुकीच्या वर्षात असल्या कामांचा पाठपुरावा दिवाळीवर ढकलू नका.

पांझराकाठ

हे सगळं मोजमाप झालं. समजा मोजून कळलं की माणूस साठ टक्के कामाचा आहे, चाळीस टक्के नाही. मग त्याच्याशी बोलायचं कसं? भेटायला जातात तेव्हा हारतुरे होतात, चहा होतो, "बघतो" म्हणतात, परत येतात.

जुना_गण

कारण वीस जण सत्तावीस मागण्या घेऊन जातात. असं करा.

माणसं पाच ते सात. किमान तीन गावांतली, एका भावकीची नकोत. त्यात एक तरी बूथप्रमुख, एक तरी बाई, आणि एक असा माणूस ज्याला त्याच्याकडून वैयक्तिक काहीच नको: ना बदली, ना ठेका, ना तिकीट. बोलणं त्यानेच करायचं. ज्याचा मुलगा कंत्राटी नोकरीच्या यादीत आहे त्याला पुढे केलं तर तिसऱ्या वाक्याला आवाज खाली येतो.

मागण्या तीन. एक पूर्ण होण्याजोगी, सहा महिन्यांच्या आतली. एक लांबची, पण जिची पहिली पायरी ठरवता येईल अशी. आणि एक वागणुकीची. वागणुकीची मागणी लोक टाळतात, खरी गरज तिचीच असते. उदाहरणार्थ, "गावात काम मंजूर झालं की ठेकेदाराच्या आधी ग्रामसभेला कळलं पाहिजे, अंदाजपत्रकाची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे." यात पैसा लागत नाही, फक्त सवय मोडावी लागते.

वेळ: लग्नसराईत जाऊ नका. मे महिन्यात एकेका तिथीला दहा-बारा मांडव असतात, गाडीतून उतरता उतरता ऐकतो आणि विसरतो. अधिवेशनाच्या महिनाभर आधी जा. तेव्हा त्यालाही सभागृहात मांडायला नेमका मजकूर हवा असतो.

आणि मांडवांचं निघालंच म्हणून लिहितो. लग्न, दहावं, साखरपुडा यांच्या हजेरीवर माणूस मोजायची रीत आपल्याकडे पक्की बसली आहे. आमदार दिवसाचे आठ तास त्यात घालवतो, कारण नाही घालवले तर मतं जातात. एका कार्यकर्त्याने जाहीर म्हटलं की आमच्याकडे दहाव्याला आला नाहीत तरी चालेल पण कालवा सल्लागार समितीच्या बैठकीला चुकू नका, तर त्याचा मोठा उपयोग होतो. गिरणेची आवर्तनं, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्या, किती आणि कधी, हे त्या बैठकीत ठरतं.

माहेर_यावल

बायकांच्या बाजूने दोन गोष्टी लिहिते, कारण प्रचारात आम्हाला दारात उभं केलं जातं आणि उत्तरं आम्हालाच द्यावी लागतात.

दारात खोटं बोलायचं नाही. "यंदा नक्की पाणी येणार" हे वाक्य ज्या बाईने गेल्या वेळी ऐकलंय तिच्यासमोर ते परत म्हटलं की तुमची पुढची सगळी वाक्यं वाया जातात. त्याऐवजी आधी कबुली: हे झालं नाही. मग कारण एका वाक्यात. मग जे झालं ते एकच, त्याच गल्लीतलं, तिने डोळ्यांनी पाहिलेलं. मग समोरचा का नको, तेही त्याच्या कामावरून, त्याच्या जातीवरून किंवा घरावरून नाही. एवढ्याला चार मिनिटं लागतात. एका दारात दहा मिनिटं थांबलात तर संध्याकाळी पन्नास घरंही होत नाहीत. आणि वाद घालणाऱ्या दारात जिंकायचा प्रयत्न नको. "तुमचं म्हणणं लिहून घेते" म्हणायचं आणि खरंच वहीत लिहायचं. ती वही मतदानानंतर उमेदवाराच्या हातात द्यायची. पराभव झाला तरी द्यायची.

दुसरी गोष्ट, मतदार यादी. गावात यादी वाचून बघा: लग्न होऊन पाच वर्षं झालेल्या लेकींची नावं माहेरच्या यादीत तशीच, आणि नवीन सुनांची नावं सासरच्या यादीत नाहीत. नाराजीने मतं कमी झाली असं म्हणतात त्यात काही भाग हा असतो. पहिल्यांदाच नाव घालायचं असेल तर नमुना ६. एका जागेहून दुसरीकडे न्यायचं असेल, मग ते दुसऱ्या मतदारसंघातून का असेना, तर नमुना ८. मयत किंवा कायमचे गेलेल्यांसाठी नमुना ७. पुष्कळ जणी सासरी नवा नमुना ६ भरतात आणि नाव दोन ठिकाणी होतं, मग पुढे दोन्हीकडची अडचण. अठरा पूर्ण व्हायच्या आता वर्षात चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. उमेदवारावर राग असला तरी हे काम थांबवू नका. ते त्याच्यासाठी नसतं.

बूथ_११२

आता बूथवर या. नाराजीचा खरा फटका इथे बसतो, आणि भाषणात कुणाला दिसत नाही.

२०१९ ला मुक्ताईनगर विधानसभेचा निकाल १,९५७ मतांनी लागला. तीनशे बूथ धरले तर बूथमागे साडेसहा मतं. २०२४ ला धुळे लोकसभा ३,८३१ मतांनी. सहा विधानसभांचे दोन हजार बूथ धरले तर बूथमागे दोनही भरत नाहीत. म्हणजे प्रत्येक बूथवर एक नाराज कार्यकर्ता आपल्या घरातली चार माणसं घेऊन घरी बसला तरी धुळ्यासारखा निकाल फिरतो. घरी बसणाऱ्याला वाटतं आपण तटस्थ राहिलो. गणित तसं नाही.

म्हणून "सोबत राहायचं" ठरलं असेल तर त्याचा किमान अर्थ एवढा: बूथ रिकामा ठेवायचा नाही. मतदान प्रतिनिधीची नेमणूक नमुना १० वर, उमेदवाराच्या किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीच्या सहीने. शक्यतो त्याच बूथचा मतदार घ्या, कारण चेहरे ओळखणं हेच काम आहे. मतदान सातला सुरू होणार असेल तर अभिरूप मतदान साडेपाचला. किमान ५० मतं टाकून पाहतात, मोजून जुळवतात, मग यंत्रातली मतं पुसतात आणि व्हीव्हीपॅटच्या पेटीतल्या चिठ्ठ्या काढून घेतात. प्रतिनिधी उशिरा आला तर अधिकारी पंधरा मिनिटं थांबून पुढे जातात. सहाला पोचणाऱ्याला हे काहीच दिसत नाही.

संध्याकाळी सगळ्यात मोठी चूक होते. मतदान संपलं की प्रतिनिधी निघून जातो. नमुना १७-सी ची प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही. त्यावर एकूण मतं आणि यंत्रांचे क्रमांक असतात. मतमोजणीच्या टेबलावर नियंत्रण यंत्राचा क्रमांक आणि एकूण आकडा त्याच कागदाशी ताडून पाहायचा असतो. कागदच नसेल तर मोजणी प्रतिनिधी नुसता बसून राहतो.

निकालानंतर नमुना २० काढा. त्यात बूथवार मतं असतात. मागच्या निवडणुकीचा आणि यंदाचा शेजारी ठेवले की नाराजी नेमकी कोणत्या गावात, कोणत्या वस्तीत होती ते दिसतं. उमेदवाराशी पुढच्या वेळी बोलताना हा कागद पुढे ठेवा. "लोक नाराज आहेत" हे त्याने हजारदा ऐकलंय. "अमुक बूथवर ४१० ची २६५ झाली" हे कागदावर दिसलं की त्याला टाळता येत नाही.

कायदा_धुळे

काही गैरसमज दुरुस्त करतो.

आमदार-खासदाराला मध्येच परत बोलवायचा अधिकार आपल्याकडे मतदाराला नाही. पक्षांतराचा कायदा १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आला. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने एक तृतीयांश फुटीची पळवाट बंद केली, दोन तृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणाची तरतूद राहिली. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे. मतदार यात कुठेच पक्षकार नाही. तेव्हा "चिन्ह बदललं" या रागाला कायद्यातून उत्तर शोधू नका. त्याने दिलेला शब्द बदलला की नाही, एवढंच बघा.

नोटा, म्हणजे "यापैकी कोणीही नाही" हे बटण, २०१३ पासून आहे. विधानसभा-लोकसभेत नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तरी त्याच्या खालचा पहिला उमेदवार निवडून येतो. राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये महापालिका आणि नगरपालिकांसाठी वेगळा आदेश काढला, तिथे नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक. म्हणजे एकच बटण, पण जळगावच्या महापालिकेत त्याचा अर्थ वेगळा आणि जळगावच्या विधानसभेत वेगळा. रागाने बटण दाबणाऱ्याला हा फरक माहीत असावा.

शपथपत्राबद्दल. नमुना २६ मध्ये मालमत्ता, देणी, गुन्हे, पाच वर्षांचं आयकरातलं उत्पन्न असतं. दोन निवडणुकांची शपथपत्रं शेजारी ठेवा. बेरीज वाढली म्हणून लगेच ओरडू नका, जमिनीचे सरकारी दरच वाढलेले असतात. जमिनीचे नवीन गट क्रमांक कोणते आले ते बघा, आणि पती-पत्नीच्या रकान्यात काय सरकलं ते बघा. जुनेच गट, जुनंच क्षेत्र, फक्त किंमत जास्त, तर तो मुद्दा नाही. पाच वर्षांत तीन नवे गट आणि उत्पन्न तेवढंच, तर तो मुद्दा आहे आणि तो त्याला समोर बसवून विचारायचा.

सातपुडा_पायथा

नंदुरबारचं चित्र थोडं वेगळं आहे, म्हणून लिहितो. जिल्ह्यातल्या चारही विधानसभा राखीव: अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर. धडगाव-मोलगी भागात आमदारावरचा सगळ्यात मोठा राग वनहक्क दाव्यांवरून (कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काच्या दाव्यांवरून) असतो. आता दावा कुठून जातो ते बघा. ग्रामसभेची वनहक्क समिती, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. उपविभागीय समितीत तीन पंचायत सदस्य असतात, जिल्हा समितीत जिल्हा परिषदेचे तीन सदस्य. आमदाराची खुर्ची तिथे नाही. म्हणजे दाव्यांसाठी जिल्हा परिषदेचा गट आणि पंचायत समितीचा गण विधानसभेइतकाच महत्त्वाचा. आपण सगळा जीव विधानसभेत ओततो आणि गटात कुणीही चालतो. मग दावे पडून राहतात आणि खापर आमदारावर.

दावा नामंजूर झाला तर लेखी कारण मागा आणि ६० दिवसांत वरच्या समितीकडे अपील करा. बऱ्याच दाव्यांत १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या कब्जाचा पुरावा अपुरा म्हणतात. तिथे वडीलधाऱ्यांचा जबाब, जुनी दंडाच्या पावत्यांची नोंद, शेतातली जुनी झाडं, बांध यांचा पंचनामा जोडता येतो. पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांचा कायदा) लागू असलेल्या गावांना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधीही (कशावर खर्चायचा ते गावाने ठरवायचा) थेट ग्रामपंचायतीला मिळतो. त्याचा ठराव पाड्याच्या ग्रामसभेत झाला का, हे विचारायला आमदार लागत नाही.

उमेदवार अपुरा वाटतो तेव्हा तो किती अपुरा आणि खालची फळी किती रिकामी, हे वेगळं करून पाहा.

अमळनेरकर

इतिहासातली एक गोष्ट इथे बसते. डिसेंबर १९३६ ला फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष नेहरू. त्या आधी मनमाडहून पाचशेहून जास्त शेतकरी चालत निघाले, वाटेतल्या गावांत शेतकऱ्यांच्या मागण्या सांगत फैजपूरला पोचले, आणि तिथे खुद्द नेहरूंसह पुढाऱ्यांनी त्यांचं स्वागत केलं. याच अधिवेशनात काँग्रेसने शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला. पुढे १९३७ च्या निवडणुका, मंत्रिमंडळं, आणि किसान सभेची त्या मंत्रिमंडळांवरची नाराजी, हे सगळं झालंच.

मला यातलं एकच लागू वाटतं. ते शेतकरी पक्षाच्या मांडवाकडे चालत गेले, मांडवापासून दूर नाही. पण जाताना हातात मागण्या होत्या.

कांदेबाग

मान्य, पण एक प्रश्न कुणी घेतला नाही. थांबायचं कुठे? सोबत राहण्याची रीत सगळे सांगतायत. सोडायची रेघ कुठली?

कायदा_धुळे

माझ्या मते रेघ आधी ठरवून लिहून ठेवावी, राग आल्यावर नाही. रागात रेघ सरकते, आणि चहा पाजला की परत सरकते.

कामात कमी पडणं ही रेघ नाही. युती बदलणं ही बहुतेकांसाठी नाही. गावातल्या कुणाला धमकावणं, बाईवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात आरोपीच्या बाजूने पोलीस ठाण्यात फोन करणं, दोन समाजांत आग लावणारं भाषण करणं, कार्यकर्त्याला खोटे कागद किंवा पैसे वाटायला लावणं: यातलं एक जरी पुराव्याने समोर आलं तर तुलना बंद. तिथे "समोरचा याहून वाईट" हे उत्तर चालत नाही.

माहेर_यावल

पुरावा म्हणजे काय, हेही ठरवा. व्हॉट्सॲपवर फिरणारी कापलेली चित्रफीत पुरावा नाही. प्राथमिकी (एफआयआर), आरोपपत्र, ग्रामसभेच्या नोंदवहीतला ठराव, किंवा पाच जणांनी कानांनी ऐकलेलं. आणि बाईच्या बाबतीतली गोष्ट असेल तर ती काय म्हणते ते आधी ऐका. तिला गावात उभं राहायला जागा आहे का ते बघा, मग पुराव्यावर बोला.

बूथ_११२

सोडायचं ठरलं तर कसं, तेही लिहितो. जबाबदारीचा राजीनामा लेखी, कारण दोन ओळींत, प्रत आपल्याकडे. मतदार याद्या, वही, फोन नंबर परत करा, दुसऱ्या गोटात नेऊ नका. मतदानाच्या आदल्या रात्री सोडू नका. नमुना १० वर तुमचं नाव गेलं असेल तर त्या दिवसाचं काम पूर्ण करा, कारण बूथवर तुम्ही मोजणीच्या खरेपणासाठीही बसलेले असता. सोडायचंच असेल तर अर्ज माघारीच्या आधी सोडा म्हणजे दुसरा माणूस मिळतो.

पांझराकाठ

मंडई, फार उपयोगाचं झालं. गावातली पाच माणसं ठरवून पत्र करायचं म्हटलं तर असा मसुदा चालेल का बघा:

"आम्ही खालील सह्या करणारे, आपल्या मागील निवडणुकीत अमुक, अमुक व अमुक गावांत काम केलेले कार्यकर्ते. आम्ही आपल्यासोबत आहोत व पुढेही राहण्याची इच्छा आहे. खालील तीन बाबींवर लेखी उत्तर अपेक्षित आहे. १) आमच्या गणातील सन अमुकच्या मंजूर कामांपैकी सुरू न झालेली चार कामे (यादी सोबत), त्यांची सद्यस्थिती व तारीख. २) येत्या अधिवेशनात प्रकल्पाच्या तरतुदीबाबत आपण कोणत्या स्वरूपात विषय मांडणार आहात. ३) कामाचे अंदाजपत्रक ग्रामपंचायत फलकावर लावण्याबाबत आपली भूमिका. तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा भेटू."

जुना_गण

चालेल. दोन दुरुस्त्या. "इच्छा आहे" काढा. "राहणार आहोत, म्हणूनच विचारत आहोत" असं लिहा, नाहीतर ते सोडण्याची धमकी वाटते आणि उत्तराऐवजी समजूत काढायला माणसं येतात. आणि "तीन महिन्यांनी" नको, तारीख टाका, वार बघून टाका. आठवडे बाजाराचा दिवस टाळा.

दोन प्रती काढा. एक त्यांच्या संपर्क कार्यालयात द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या. आमदारांच्या संपर्क कार्यालयात आवक नोंदवही असतेच असं नाही. नसेल तर स्वीय सहायकाची सही, नाव आणि वेळ. तोही टाळाटाळ करत असेल तर त्याच पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवा. पुढच्या भेटीला तीच प्रत घेऊन जायचं.

पांझराकाठ

दुरुस्त केलं. तारीख अधिवेशनाच्या आधीची, मंगळवार. सह्या सात झाल्या, त्यात दोन बायका.

माहेर_यावल

मागच्या वेळची दारातली वही असेल तर तिच्यातली पानं झेरॉक्स करून सोबत जोडा. पानांना क्रमांक घाला.